प्रदर्शने, व्याख्याने आणि मुलांची दुपार : ‘म्युझियम’च्या वर्षाची ओळख

मुंबई, खास प्रतिनिधी

बेस्टच्या वाहकाने ‘म्युझियम’ अशी हाक दिली की कुठे उतरायचे हे मुंबईत कुणाला विचारावे लागत नाही. शहरात संग्रहालये अनेक आहेत, तरीही ‘म्युझियम’ म्हणजे काळा घोडा परिसरातील, घुमट असलेली ती एकच वास्तू. कागदोपत्री ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जुन्या पिढीच्या तोंडी अजूनही ‘प्रिन्स ऑफ वेल्स’. मात्र या वास्तूशी सर्वसामान्य मुंबईकराचे नाते बहुधा दोनच प्रसंगांपुरते उरते. एक शाळेची सहल, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांगेत केलेली. दुसरा प्रसंग गावाहून पाहुणे आले म्हणजे. राणीची बाग, गेटवे आणि हे, अशा एकाच दिवसाच्या फेरीत. दोन्ही वेळी पाय दुखतात, पेंढा भरलेले प्राणी लक्षात राहतात आणि ‘पाहून झाले’ अशी मनात नोंद होते.

ही नोंद चुकीची आहे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे. संग्रहालयातील कायमची दालने हा त्याच्या कामाचा एक भाग झाला. दुसरा भाग सतत बदलणारा असतो. देशोदेशीच्या संग्रहालयांकडून काही महिन्यांसाठी येणारी प्रदर्शने, मुलांसाठीच्या कार्यशाळा आणि व्याख्याने, यांतले काय केव्हा येते आणि किती काळ टिकते हे माहीत नसल्याने अनेकांची संधी हुकते. प्रदर्शन संपल्यावर ‘अरे, कळलेच नाही’ म्हणणारे वाचक या प्रतिनिधीला दरवर्षी भेटतात. त्यांच्यासाठी ही माहिती.

वास्तू आणि तिची पूर्वपीठिका

ब्रिटनचे युवराज, म्हणजे पुढे पंचम जॉर्ज झालेले प्रिन्स ऑफ वेल्स, १९०५ साली मुंबईत आले. त्यांच्या भेटीचे स्मारक म्हणून शहरातील प्रतिष्ठित नागरिकांनी संग्रहालय उभारण्याचे ठरविले आणि ११ नोव्हेंबर १९०५ रोजी युवराजांच्याच हस्ते कोनशिला बसली. संग्रहालयाचा कारभार चालविण्यासाठी १९०९ साली स्वतंत्र कायदा झाला. त्याच वर्षी झालेल्या आराखड्यांच्या स्पर्धेतून जॉर्ज विटेट यांची निवड झाली. गेटवे ऑफ इंडियाही त्यांचेच. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा घुमट, कुर्ल्याचा काळसर आणि मालाडचा पिवळसर दगड, मुघल धाटणीच्या कमानी व जाळ्या, असा हिंदी-इस्लामी मेळ त्यांनी घातला. आत शिरताच मधल्या दालनात जी लाकडी, कोरीव खांबांची अष्टकोनी रचना दिसते, ती नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणलेली आहे. बहुतेक लोक मान वर करून घुमट पाहतात आणि तिच्याजवळून तसेच पुढे जातात. एकदा थांबून तिचे ब्रॅकेट पाहावेत.

इमारत तयार झाली तेव्हा पहिले महायुद्ध सुरू होते. त्यामुळे संग्रहालय होण्याआधी ती लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. सर्वसामान्यांसाठी दारे उघडली ती १० जानेवारी १९२२ रोजी. १९९८ साली नामांतर झाले आणि २०२२ मध्ये शताब्दी पूर्ण झाली. त्याच वर्षी वास्तूच्या जतनाच्या कामाला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतील सर्वोच्च ‘अवॉर्ड ऑफ एक्सलन्स’ मिळाला.

संग्रहात आज पन्नास हजारांहून अधिक वस्तू आहेत. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा या बंधूंचे संग्रह, शेठ पुरुषोत्तम मावजी यांच्याकडून घेतलेली चित्रे, घारापुरीची शिल्पे, सिंधमधील मीरपूर खास येथील बौद्ध स्तूपाच्या मृण्मूर्ती, अकबराच्या नावाचे १५८१ सालचे चिलखत. मीरपूर खासची बुद्धमूर्ती मुंबईत कशी, असा प्रश्न पडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. असुर सम्राट दुसरा अशुरनासिरपाल याच्या निमरूद येथील राजवाड्यातील शिलापटही येथे आहेत. एकोणिसाव्या शतकात निमरूदहून लंडनला जाणाऱ्या पेट्या बसऱ्याहून मुंबईमार्गे जात असत. बंदर असण्याचे जे अनेक फायदे या शहराने घेतले, त्यातला हाही एक.

पाहुण्या वस्तूंची प्रदर्शने

गेल्या दीड दशकात या संग्रहालयाची खरी ओळख बदलली ती बाहेरून आलेल्या प्रदर्शनांमुळे. २०१२च्या नोव्हेंबरात ब्रिटिश म्युझियमचे ममीविषयीचे प्रदर्शन येथे भरले. नेस्परेनुब नावाच्या, सुमारे २८०० वर्षांपूर्वीच्या इजिप्ती पुरोहिताची ममी न उघडता, सीटी स्कॅनच्या साहाय्याने तिच्या आत काय आहे हे त्रिमितीय चित्रपटातून दाखविले होते. त्याच्या डोक्याला एक मातीचे भांडे चिकटलेले आढळले. लेप लावणाऱ्यांच्या हातून ते चिकटले असावे आणि निघेना म्हणून तसेच बांधून टाकले असावे, असा तज्ज्ञांचा अंदाज. तीन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांचा हा निष्काळजीपणा पाहून मुले खुदखुदत होती. इजिप्तच्या राजवंशांची यादी पाठ करून जे साधत नाही ते त्या भांड्याने साधले.

२०१३च्या डिसेंबरात सायरसचा वृत्तचिती म्हणजे ‘सायरस सिलिंडर’ आला. सुमारे वीत-सव्वावीत लांबीचा, भाजलेल्या मातीचा हा लेख. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या सायरसने बॅबिलोन जिंकल्यानंतरचा. मुंबईत तो येण्याला वेगळा अर्थ होता, कारण इराणबाहेरील झरथुष्ट्रीय समाजाचे हे सर्वांत महत्त्वाचे शहर. पारशी कुटुंबे तीन-तीन पिढ्यांसह येऊन त्या काचेपाशी थांबत होती. वस्तू तीच, पण ती कुठे ठेवली आहे आणि समोर कोण उभे आहे यावर तिचा अर्थ किती बदलतो, हे तेव्हा दिसले.

त्यानंतरचा मोठा टप्पा २०१७-१८चा. ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ हे प्रदर्शन या संग्रहालयाने ब्रिटिश म्युझियम व दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयासह स्वतः घडविले. आधीची प्रदर्शने तयार होऊन आली होती. येथे मांडणीचा विचारच मुंबईत झाला. सुमारे दोनशे वस्तू, नऊ कथा. कल्पना साधी होती: भारतातील एक वस्तू आणि तिच्याच काळातील जगाच्या दुसऱ्या टोकाची वस्तू शेजारी ठेवायची आणि पाहणाऱ्याला तुलना करू द्यायची. शाळेत आपण भारताचा इतिहास एका पुस्तकात शिकतो आणि जगाचा दुसऱ्या पुस्तकात. दोन्ही एकाच वेळी घडत होते, हे त्या दालनांतून फिरताना प्रथमच जाणवले, असे सांगणारे शिक्षक या प्रतिनिधीला भेटले होते.

हाच धागा २०२३च्या डिसेंबरात उघडलेल्या प्राचीन शिल्पांच्या प्रदर्शनात पुढे गेला. ब्रिटिश म्युझियम, बर्लिनची सरकारी संग्रहालये आणि लॉस एंजेलिसचे गेटी म्युझियम यांनी दिलेली इजिप्त, असुर, ग्रीक व रोमन शिल्पे भारतीय शिल्पांच्या सोबतीने मांडली होती. आणि २०२५च्या डिसेंबरात भारत आणि प्राचीन जग यांच्या परस्परसंबंधांवरील अभ्यासदालन सुरू झाले. ते तीन महिन्यांचे प्रदर्शन नाही. बाहेरून आलेल्या वस्तू तीन वर्षांच्या मुदतीने येथे राहाव्यात आणि विद्यार्थ्यांनी त्या पुन:पुन्हा येऊन पाहाव्यात, अशी ती योजना आहे. त्यात ब्रिटिश म्युझियमच्याच ऐंशीच्या आसपास वस्तू आहेत. येत्या काळात मुंबईकराने प्रथम काय पाहावे असे कुणी विचारले तर या दालनाचे नाव घ्यावे लागेल. इतिहास, पुरातत्त्व वा कला या विषयांचे शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींना तर आतापर्यंत अशा वस्तू पाहण्यासाठी पासपोर्ट, व्हिसा आणि विमानाचे तिकीट लागत असे.

उसनी वस्तू परत का जाते

प्रदर्शने इतक्या लवकर का संपतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

संग्रहालयांत वस्तू देण्याघेण्याचा व्यवहार करारावर चालतो. मूळ मालक संग्रहालय प्रत्येक वस्तूची स्थितीनोंद करते: कुठे तडा आहे, कुठे रंग उडाला आहे, जुनी डागडुजी कुठे आहे. वस्तू निघताना ही नोंद होते, पोहोचल्यावर पुन्हा तपासली जाते आणि परतताना तिसऱ्यांदा. वस्तूसोबत बहुधा तिच्या संग्रहालयाचा माणूस प्रवास करतो आणि पेटी त्याच्या समक्षच उघडते. पेटी आली की लगेच उघडत नाहीत. आतील हवा नव्या जागेच्या हवेशी जुळावी म्हणून ती काही काळ, सामान्यतः एक दिवस, तशीच ठेवतात. विमा, वाहतूक, तापमान आणि आर्द्रता राखणाऱ्या काचपेट्या यांचा खर्च मोठा असतो. म्हणूनच अशा प्रदर्शनांच्या फलकांवर तळाशी न्यासांची आणि उद्योगसमूहांची नावे दिसतात.

दुसरे कारण प्रकाशाचे. दगड आणि धातू बराच प्रकाश सोसतात. कागद, कापड, जलरंग आणि लघुचित्रे सोसत नाहीत. त्यांच्यावर पन्नास लक्सच्या आसपासच प्रकाश असावा, असा जगभरच्या संग्रहालयांचा दंडक आहे. भर दुपारी मुंबईच्या उन्हात हा आकडा एक लाखाच्या घरात असतो. म्हणजे बाहेरून आत आलेल्या डोळ्यांना चित्रांचे दालन काळोखे वाटते आणि ‘दिवे लावा की हो’ असे कुणीतरी म्हणतेच. तो काळोख काटकसर म्हणून केलेला नसतो. झालेली हानी भरून येत नाही आणि ती साठत जाते, म्हणून लघुचित्रे काही महिने दाखवून पुढे काही काळ अंधारात विसावतात. मागच्या वेळी पाहिलेले चित्र या वेळी जागेवर नसेल तर ते हरवलेले नाही, विश्रांती घेत आहे.

मुंबईची हवा हा तिसरा वैरी. समुद्र हाकेच्या अंतरावर, चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने घाम. बुरशी, गंज आणि लाकडाचे फुगणे यांच्याशी येथील संवर्धन विभागाची झुंज बारमाही असते. प्रेक्षकांना ती दिसत नाही.

वाघनखांचा प्रश्न

उसनवारीच्या या व्यवहारातली ज्या वस्तूची महाराष्ट्रात सर्वाधिक चर्चा झाली ती म्हणजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखे. राज्य शासनाने ३ ऑक्टोबर २०२३ रोजी लंडनमध्ये करार केला. तीन वर्षांच्या मुदतीने ती महाराष्ट्रात यावीत असे ठरले आणि जुलै २०२४ मध्ये ती साताऱ्याच्या संग्रहालयात पोहोचली. सातारा, नागपूर, कोल्हापूर आणि मुंबई अशी चार ठिकाणे त्यावेळी जाहीर झाली व मुंबईसाठी याच संग्रहालयाचे नाव होते.

येथे वाचकांनी एक भेद ध्यानात ठेवावा. ही वाघनखे साताऱ्याचे इंग्रज अधिकारी जेम्स ग्रँट डफ यांच्या घराण्याकडून लंडनच्या संग्रहालयाकडे गेली. मराठ्यांचा इतिहास लिहिणारे ते हेच ग्रँट डफ. सोबतच्या पेटीवर ती शिवाजी महाराजांची असल्याचा मजकूर आहे. परंतु १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी वापरली गेली ती हीच, याची खात्री देता येत नाही, असे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम स्वतःच सांगते. महाराष्ट्रातील काही इतिहास अभ्यासकांनीही शंका उपस्थित केल्या. ‘परत आणली’ आणि ‘उसनी आणली’ या दोन क्रियापदांत जो फरक आहे, तो सभांतून फारसा ऐकू आला नाही.

संग्रहालयाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट हीच. वस्तूखालच्या चार ओळींच्या पाटीवर काय लिहायचे, यावर संग्रहालयाची पत ठरते. श्रद्धेने आलेल्या माणसाचा अवमान होऊ नये आणि जे सिद्ध नाही ते सिद्ध म्हणून लिहिले जाऊ नये, ही तारेवरची कसरत आहे. वाघनखे मुलांना दाखविणाऱ्या पालकांनी ती पाटी मोठ्याने वाचून दाखवावी. ‘म्हणजे नक्की माहीत नाही?’ असे मूल विचारेल. इतिहासाचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

मुलांना कुठे न्यावे

कुटुंबासह येणाऱ्यांनी सगळी दालने एका दिवसात उरकण्याचा हट्ट सोडावा. आठ-दहा वर्षांच्या मुलाची पाहण्याची ताकद तासाभराची. त्यानंतर ते पाहत नाही, फक्त चालते. दोन दालने आणि एक बाग, एवढा बेत पुरेसा.

मार्च २०१९ मध्ये याच आवारात मुलांचे स्वतंत्र संग्रहालय सुरू झाले. वास्तुविशारद राहुल मेहरोत्रा यांनी ते आवारातील जुन्या, प्रचंड गोरखचिंचेच्या सान्निध्यात रचले आहे. झाड तोडायचे नाही, झाकायचे नाही, या अटीतून इमारतीने आकार घेतला. विशेष म्हणजे येथील मांडणीत मुलांचा हात असतो. संग्रहातील कोणत्या वस्तू निवडायच्या आणि त्यांच्याविषयी काय सांगायचे, हे मुलांच्या गटाने ठरवायचे आणि मोठ्यांनी मदत करायची. मोठ्यांना ही रीत प्रथम गमतीची वाटते. परंतु बाणभट्टाच्या काळातील शिल्पापेक्षा पितळी खेळण्यातला हत्ती मुलांना जवळचा वाटतो आणि त्याची कारणेही ती सांगू शकतात, हे ऐकण्यासारखे असते.

सुट्ट्यांच्या काळात, विशेषतः उन्हाळ्यात आणि दिवाळीत, चित्रकला, मातीकाम, लिपी, नाणी अशा विषयांवर मुलांच्या कार्यशाळा होतात. त्यांच्या जागा मर्यादित असतात आणि मे महिन्याच्या आधीच भरतात. परीक्षा संपल्यावर चौकशी करणाऱ्यांना उशीर झालेला असतो. मार्चमध्येच विचारणा केलेली बरी.

लहानांचे लाडके दालन मात्र शंभर वर्षांत बदललेले नाही: नैसर्गिक इतिहास विभाग. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहातून तो आकाराला आला. जंगल, पाणथळ, खडकाळ किनारा यांचे देखावे उभे करून त्यात प्राणी-पक्षी मांडलेले आहेत. दूरचित्रवाणीवर चोवीस तास वाघ दिसण्याच्या काळात हे देखावे कुणी पाहील का, असे वाटते. पाहतात. काचेला नाक लावून पाहतात. पडद्यावरचा रानरेडा किती मोठा आहे हे कळत नाही. समोर उभा राहिला की कळते.

ज्या शाळांना येथवर येणे जमत नाही, त्यांच्यासाठी २०१५ पासून ‘म्युझियम ऑन व्हील्स’ ही बस निघते. वातानुकूलित बसमध्ये काचपेट्या, प्रतिकृती आणि टॅबलेट मांडून ती शाळांच्या अंगणात उभी राहते. पहिला विषय हडप्पा संस्कृतीचा होता; २०१९ मध्ये दुसरी बस आली. ज्या मुलाने मुंबई पाहिलेली नाही त्याच्या हाती हडप्पाच्या मुद्रेची प्रतिकृती येते, ही गोष्ट एखाद्या मोठ्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाहून कमी महत्त्वाची नाही. शिक्षकांनी आणि शाळा समित्यांनी यासाठी संग्रहालयाच्या शिक्षण विभागाशी संपर्क साधावा.

व्याख्याने आणि एक गेलेली नोकरी

या संग्रहालयात व्याख्यानांची परंपरा जुनी आहे आणि तिच्यात एक कथा दडलेली आहे.

१९२६ साली येथील नैसर्गिक इतिहास विभागात मार्गदर्शक-व्याख्याता असे एक पद निर्माण झाले. पगार महिना ३५० रुपये. काम एवढेच की येणाऱ्या लोकांना, विद्यार्थ्यांना दालनातून फिरवून प्राणी-पक्ष्यांची माहिती द्यायची. त्या जागेवर तिशीतला एक तरुण लागला. विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्याने त्याला सरकारी प्राणिशास्त्र खात्यात नोकरी मिळाली नव्हती. दोन वर्षांनी तो अभ्यासरजेवर जर्मनीला गेला, बर्लिनच्या संग्रहालयात पक्ष्यांचा अभ्यास केला आणि १९३० मध्ये परतला तेव्हा पैशांअभावी ते पदच रद्द झाले होते. बेकार झालेला हा माणूस अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिला आणि तेथे त्याने सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचा, त्यांच्या जोड्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्या निबंधाने त्याचे नाव झाले. ते नाव सलीम अली.

ही कथा सांगताना लोक ‘बरे झाले नोकरी गेली’ असे हसून म्हणतात. पक्षिशास्त्राच्या बाजूने ते खरे. संग्रहालयाच्या बाजूने पाहिले तर काय झाले? दालन राहिले, देखावे राहिले, पेंढा भरलेले पक्षी राहिले. त्यांच्याविषयी बोलणारा माणूस गेला. पैशाची ओढाताण झाली की देशभरच्या संग्रहालयांत पहिली कात्री आजही अशाच पदांवर चालते. इमारतीचा घुमट कुणी कमी करीत नाही.

सुदैवाने येथे बोलणारी माणसे पुन्हा आली. वस्तूंच्या अभ्यासासाठी ख्याती मिळविणारे डॉ. मोतीचंद्र, त्यांच्यानंतरच्या काळात सदाशिव गोरक्षकर असे संचालक या संस्थेला लाभले. गोरक्षकरांनी मराठी वाचकांशीही संवाद ठेवला. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले. आज संग्रहालय स्वतः व्याख्याने योजते, तसेच ‘म्युझियम सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही सभासदांची संस्थाही कला, पुरातत्त्व व इतिहास या विषयांवर कार्यक्रम करते. मोठे प्रदर्शन भरले की त्याला जोडून अभ्यासकांची व्याख्याने आणि अभिरक्षकांसोबत दालनफेरी होते. दालनफेरीची संधी मिळाली तर व्याख्यानापेक्षा ती निवडावी. ज्याने वस्तू निवडली, तिची पेटी उघडताना जो तेथे होता, त्याच्याच तोंडून तिची हकिगत ऐकणे वेगळे. गांभीर्याने शिकू इच्छिणाऱ्यांसाठी संग्रहालयशास्त्र व संवर्धन या विषयाचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही येथे चालतो.

मुंबईतील अशा व्याख्यानांविषयी एक निरीक्षण नोंदविणे भाग आहे. कला आणि पुरातत्त्व या विषयांवरील सभांची भाषा शहरात बहुतांशी इंग्रजी असते आणि श्रोत्यांत केस पिकलेलेच अधिक दिसतात. विषय मात्र अनेकदा घारापुरीचा, कार्ल्याचा, पैठणीचा असतो. मराठीत प्रश्न विचारायला श्रोते बिचकतात, हे या प्रतिनिधीने अनेक सभागृहांत पाहिले आहे. बिचकू नये. ज्यांचा विषय महाराष्ट्राच्या लेण्यांचा आहे अशा बहुतेक अभ्यासकांना मराठी उत्तम समजते. प्रश्न मराठीत आला की उत्तरही मराठीत येते आणि सभा जरा सैल होते.

वर्षाचे वेळापत्रक कसे वाचावे

संग्रहालयाचे वर्ष स्थूलमानाने ऋतूंवर चालते. मोठी प्रदर्शने बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरात उघडतात, कारण हवा कोरडी असते, परदेशी पाहुणे येतात आणि शाळांच्या सहलीही याच काळात निघतात. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या आरंभी १९९९ पासून भरणारा काळा घोडा कला महोत्सव येतो. त्या नऊ-दहा दिवसांत रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. महोत्सव पाहायचा असेल तर जरूर जावे, पण दालने शांतपणे पाहायची असतील तर तो आठवडा टाळावा. १८ एप्रिल हा जागतिक वारसा दिन आणि १८ मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. या दिवसांच्या आगेमागे विशेष कार्यक्रम असतात. नोव्हेंबरातील १९ ते २५ हा वारसा सप्ताह. पावसाळ्यात बाहेरून येणारी प्रदर्शने कमी. तो काळ कायमच्या दालनांचा आणि व्याख्यानांचा. जुलैतल्या एखाद्या मंगळवारी, बाहेर धो धो पाऊस कोसळत असताना, लघुचित्रांच्या दालनात दोन-चार माणसेच असतात. अनुभव घेऊन पाहावा.

परदेशी प्रदर्शनाच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नये. ‘अजून आहे ना’ म्हणून थांबलेले सारे त्याच आठवड्यात येतात. उघडल्यानंतरचा दुसरा-तिसरा आठवडा, कामाचा दिवस आणि सकाळची वेळ, हे उत्तम.

दालने सकाळी सव्वादहाला उघडतात आणि सायंकाळी सहाला बंद होतात. काही राष्ट्रीय सुट्ट्यांच्या दिवशी संग्रहालय बंद असते. सुट्टी पाहून बेत करणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे, नाहीतर १५ ऑगस्टला कुटुंबासह फाटकाशी उभे राहण्याची वेळ येते. विद्यार्थी, मुले व ज्येष्ठ नागरिकांना शुल्कात सवलत मिळते, त्यासाठी ओळखपत्र जवळ ठेवावे. ऐकण्याच्या मार्गदर्शिकेत मराठीचीही सोय आहे. खिडकीवर तिकीट घेतानाच ती मागावी; आत गेल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.

चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही दोन्ही स्थानके चालत पंधरा-वीस मिनिटांवर. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागल्यापासून हुतात्मा चौक स्थानकावर उतरून येणे सोयीचे झाले आहे. अंधेरी किंवा वांद्र्याहून मुलांना घेऊन येणाऱ्यांचा लोकलचा धक्काबुक्कीचा भाग टळतो. शेजारी जहांगीर कलादालन, समोर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. ही दोन्ही त्याच दिवशी पाहण्याचा मोह अनेकांना होतो. मुले सोबत असतील तर तो आवरावा आणि उरलेला वेळ गोरखचिंचेखाली काढावा.